भंगारातल्या मॉनिटरवर साखरेचा पोल मोजायचा कसा

एलसीडी मॉनिटर जुना झाला की एकतर माळ्यावर जातो, नाहीतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर. पडदा अजून पेटत असेल तर तो देऊन टाकू नये. त्याच्यातून बाहेर येणारा सगळा उजेड आधीच पोलराइज्ड, म्हणजे ध्रुवित, एकाच दिशेने कंप पावणारा असतो. सतरा इंचांचा, सगळीकडे सारखा उजळ, हवा तो रंग देणारा असा ध्रुवित उजेडाचा स्रोत मुद्दाम करवून घ्यायचा म्हटलं तर खिसा रिकामा होईल. अथणी, रायबाग, चिकोडी, हुक्केरी, निपाणी हा बेळगाव जिल्ह्यातला आपला उसाचा पट्टा. साखरेचा द्रव ध्रुवित उजेडाची दिशा वळवतो, आणि किती वळवतो त्यावरून साखर किती हे कळतं. कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा पोल, म्हणजे त्यातल्या साखरेचं प्रमाण, काढतात ते याच तत्त्वावर. खाली दिलेलं यंत्र त्या पोलरीमीटरचीच साधी आवृत्ती आहे. नीट बांधलं तर अर्ध्या अंशापर्यंतचं वाचन भरवशाचं मिळतं, म्हणजे दर १०० मिलीमागे साधारण ०.३ ग्रॅम साखर. बारावीच्या प्रकल्पाला, गुऱ्हाळाला किंवा दोन फडांतल्या रसाची तुलना करायला एवढं पुरतं.

पडद्यातून नेमकं काय बाहेर येतं

द्रवस्फटिक, म्हणजे एलसीडीतला लिक्विड क्रिस्टल, स्वतः उजेड देत नाही. मागे बॅकलाइट असतो, त्याच्यापुढे एक पोलरायझर फिल्म, मग दोन काचांमध्ये जेमतेम चार-पाच मायक्रॉनचा द्रवस्फटिकाचा थर, आणि सगळ्यात पुढे दुसरी पोलरायझर फिल्म. मागची फिल्म उजेडाची एकच कंपनदिशा पुढे सोडते, द्रवस्फटिक ती दिशा कमी-जास्त वळवतो आणि पुढची फिल्म आपल्या दिशेचाच भाग बाहेर जाऊ देते. म्हणून पडद्यावर पांढरं दाखवा, हिरवं दाखवा की राखाडी, बाहेर येणाऱ्या उजेडाची दिशा पुढच्या फिल्मने ठरलेली असते. रंग आणि प्रखरता बदलते, दिशा बदलत नाही. हे पक्कं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

जुने चौकोनी ऑफिसचे मॉनिटर बहुतेक टीएन जातीचे असतात. त्यांची दिशा कडेशी ४५ अंशांत, तिरकी असते. आयपीएस आणि व्हीए पॅनेलची बहुधा उभी किंवा आडवी. आपल्याला कुठलंही चालतं, कारण शून्य आपण पाण्यावर लावणार आहोत. मोबाइलवर मात्र विसंबू नये. गॉगल घालूनही स्क्रीन दिसावी म्हणून काही फोनांत वरून आणखी एक फिल्म असते, ती सरळ ध्रुवित उजेडाचा गोल ध्रुवित करून टाकते. तपासायला पोलराइज्ड गॉगल स्क्रीनसमोर धरून फिरवायचा. एका कोनात स्क्रीन पार काळी झाली तर उजेड कामाचा, नुसती मंद होत असेल तर नाही. रस्त्यावर ‘पोलराइज्ड’ म्हणून विकले जाणारे गॉगलही याच चाचणीत उघडे पडतात.

काही जण मॉनिटरचीच पुढची फिल्म सोलून काढतात आणि द्रवातून आलेल्या उजेडाची दिशा तपासायला तिचाच अ‍ॅनालायझर करतात. पडदा मग कायम पांढराफटक दिसतो आणि चित्र फक्त फिल्ममधून दिसतं. गंमत म्हणून झकास, पण मोजमापाला वाईट. फिल्म गेल्यावर लाल, हिरवे, निळे सगळे ठिपके कायम उजेड सोडतात, फक्त वेगवेगळ्या दिशेचा. पडद्यावर हिरवं लावलं तरी हिरव्याबरोबर लाल-निळंही येतंच. चालू मॉनिटरची फिल्म जागेवर राहू द्या. अ‍ॅनालायझरसाठी वेगळा, पडदा फुटलेला मेलेला मॉनिटर किंवा टीव्ही आणा.

मेलेल्या पॅनेलमधून फिल्म काढणं

प्लगमधून काढल्यावर मॉनिटर निदान एक दिवस तसाच पडू द्या. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर विद्युतभार उरलेला असू शकतो. जुन्या मॉनिटरमध्ये बॅकलाइटसाठी काडीसारख्या बारीक सीसीएफएल ट्यूब असतात आणि त्यांच्यात थोडा पारा असतो. पॅनेलच्या कडेचा पत्रा सोडवला की पुढची काच वेगळी होते. आपल्याला तेवढीच हवी. ट्यूब असलेला मागचा डबा उघडू नका, तो ई-कचरा घेणाऱ्याकडे तसाच द्या.

काचेच्या दोन्ही बाजूंना फिल्म चिकटवलेली असते. पुढची बहुधा खरखरीत, चमक घालवणारी. तिच्यातून पाहिलं की सगळं धूसर दिसतं. आपल्याला मागची, गुळगुळीत फिल्म हवी. जाड हातमोजे आणि चष्मा घालून एका कोपऱ्यात कटरचं पातं काचेला जवळजवळ सपाट धरून फिल्म उचला. हेअर ड्रायरने तो भाग हाताला सोसेल इतका गरम करत, फिल्म स्वतःवरच मागे दुमडत सावकाश ओढा. घाई केली तर काच तडकते आणि तिची कूस फिल्ममध्ये रुतते. गोंद फिल्मबरोबर येतो. तो तसाच राहू द्या, आपल्याला त्याचाच उपयोग करायचा आहे. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरा. अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांचा थेंबही नको, फिल्मचा वरचा थर त्यात बिघडून पांढरा पडतो.

फिल्मला बाहेरची आणि गोंदाची अशा दोन बाजू आहेत, आणि त्या सारख्या नाहीत. टीएन पॅनेलच्या फिल्मवर गोंदाच्या बाजूला बरेचदा पडदा पाहण्याचा कोन रुंदावणारा आणखी एक थर असतो. तो थर तबकडीच्या आकाराच्या रेणूंच्या द्रवस्फटिकांचा. अशा रेणूंपासून द्रवस्फटिक बनतो हे १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे जपानी कारखान्यात तयार झालेल्या त्या फिल्मचं मूळ आपल्याच राज्यात आहे. आपल्यापुरतं सांगायचं तर त्या थरातून उजेड आधी गेला तर त्याची ध्रुवता बिघडते. म्हणून मोजताना फिल्मची बाहेरची बाजू नेहमी द्रवाकडे, गोंदाची बाजू डोळ्याकडे. सोलल्याबरोबर बाहेरच्या बाजूवर मार्करने टिंब करून ठेवा, नंतर ओळखता येत नाही.

फिल्मची दिशा शोधायला फरशी पुरते. खिडकीतून येणारा उजेड गुळगुळीत फरशीवर चकाकतो तिथे, चमक सगळ्यात जास्त ध्रुवित दिसेल इतक्या तिरप्या कोनातून पाहा. काचेसारख्या पृष्ठभागाला हा कोन लंबाशी सुमारे ५६ अंश, पाण्याला ५३. तिथली चमक आडवी ध्रुवित असते. फिल्म डोळ्यासमोर फिरवत चमक सगळ्यात जास्त विझेल तिथे थांबा. त्या वेळी फिल्मवर जी रेघ उभी आहे ती उजेड सोडण्याची दिशा. तिथे मार्करने बारीक रेघ मारा.

दुभंगलेला अ‍ॅनालायझर

एकच फिल्म फिरवत ‘सगळ्यात काळं कुठे’ हे शोधायला गेलात तर डोळा दोन-तीन अंशांनी फसतो. अंधाराच्या तळाशी उजेड फार हळू बदलतो, त्यामुळे तळ नेमका कुठे हे कळतच नाही. लॅबमधल्या जुन्या यंत्रांत यावर अर्धछाया पद्धत वापरत. दृश्याचे दोन भाग करायचे, दोन्हींची दिशा किंचित वेगळी ठेवायची आणि दोन्ही भाग सारखे अंधारे झाले की वाचन घ्यायचं. दोन शेजारच्या करड्या रंगांतला फरक डोळा झटकन पकडतो. हीच युक्ती दोन तुकड्यांत करता येते.

दिशेच्या रेघेवर १०० मिमी अंतर मोजा. तिथून काटकोनात ८.७ मिमी बाजूला सरकून खूण करा आणि ती रेघेच्या सुरुवातीशी जोडा. ही झाली ५ अंश कललेली कापायची रेघ. दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी. नव्या पात्याने, स्टीलची पट्टी दाबून, प्रत्येक रेघेवरून ८ मिमी रुंद, १६ मिमी लांब असा एकेक तुकडा कापा. एकाची दिशा कडेच्या ५ अंश डावीकडे, दुसऱ्याची ५ अंश उजवीकडे. सोपं म्हणून एकच तुकडा कापून दुसरा उलटा करायचा मोह होईल. गणिताने ते बरोबर आहे, पण उलट्या तुकड्याची गोंदाची बाजू द्रवाकडे जाते आणि त्या थराने घोटाळा होतो.

फोटो फ्रेमवाल्याकडून २ मिमी साध्या काचेचे ४० बाय ४० मिमीचे चार-सहा तुकडे कापून घ्या. एका तुकड्यावर दोन्ही फिल्म त्यांच्याच गोंदाने, कडेला कड भिडवून चिकटवा. मध्ये केसाएवढी फट राहिली तर तिथून हिरवी रेघ झळकते आणि डोळा तिच्याकडेच ओढला जातो. तसं झालं तर फटीवर काळ्या शाईची रेघ मारू नका, ती जाडच होते. पुन्हा कापा.

नळी

मोजायची लांबी २०० मिमी. २५ मिमीचा काळा किंवा करडा पीव्हीसी इलेक्ट्रिक पाइप घ्या, नळाचा पांढरा पाइपही चालेल पण आतून काळा करावा लागतो. उजेड पाइपच्या भिंतीतून जातच नाही, म्हणून प्लास्टिक चालतं. तळाला मात्र काचच हवी. अ‍ॅक्रिलिक किंवा पेट बाटलीचा तुकडा लावला तर प्लास्टिकमधला ताण स्वतःच उजेडाची दिशा बिघडवतो.

पाइप २०१ मिमी कापा. सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून दोन्ही टोकं घासत घासत व्हर्निअरवर २०० वर आणा. १ मिमी चुकली तर वाचनात अर्धा टक्का चूक. टोक काटकोनात नसेल तर काच तिरकी बसते आणि उजेड बाजूला सरकतो. खालच्या टोकाला काच लावताना सिलिकॉन पाइप आणि काच यांच्या मध्ये घालू नका, लांबी वाढते. पाइप काचेवर दाबून उभा धरा आणि सिलिकॉनची वळकटी बाहेरून फिरवा. चोवीस तास हात लावायचा नाही. अ‍ॅरल्डाइट टाळा, ते आकसतं आणि काचेत ताण आणतं.

वरच्या टोकाला काहीच चिकटवायचं नाही. नळी काठोकाठ, वर थोडा फुगीर थर येईपर्यंत भरायची आणि काचेचा एक तुकडा एका बाजूने सरकवत वर बसवायचा. जास्तीचा द्रव ओघळून जातो, बुडबुडा राहत नाही आणि लांबी आपोआप २०० मिमीच राहते. हे काम ताटात करायचं, मॉनिटरवर नाही. अशा नळीत साधारण ७० मिली द्रव मावतो.

बांधणी

मॉनिटर स्टँडवरून काढून टेबलावर पाठीवर झोपवा. पडद्यावर थेट काही ठेवायचं नाही. नळीच्या भाराने द्रवस्फटिकाचा थर दबतो, तिथे लाटा उठतात आणि ध्रुवता बदलते. चौकटीवर लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवर ४ मिमी साधी काच ठेवा. काचवाल्याला ‘टफन नको’ असं बजावून सांगा. टफन काचेत थंड करतानाच ताण बसवलेला असतो, आणि ध्रुवित उजेडात तो ठिपक्या-पट्ट्यांच्या रूपात लख्ख दिसतो. मोबाइलचं टेम्पर्ड ग्लासही त्याच कारणाने बाद.

त्या काचेपासून सुमारे २३० मिमी उंचीवर, चार पायांवर, १२ मिमी प्लायवुडची २२० मिमी चौकोनी फळी. फळीच्या मध्यभागी २५ मिमी पाइपच्या कपलरचं (दोन पाइप जोडायच्या तुकड्याचं) बाहेरचं माप घेऊन होल सॉने भोक पाडा. कपलर त्यात घट्ट पण गुळगुळीत फिरला पाहिजे. ढिला असला तर भोकात आतून पॉलिश पेपरची पट्टी चिकटवा. अ‍ॅनालायझरची काच कपलरच्या वरच्या तोंडावर, फिल्म खाली कपलरच्या आत येईल अशी चिकटवा. काच भोकापेक्षा मोठी असल्याने कपलर खाली पडत नाही. काचेवर मध्यभागी ८ मिमी भोकाचा काळा कागद, भोक बरोबर दोन फिल्मच्या सांध्यावर. काचेच्या कडेला शिवणाची लांब सुई काट्यासारखी चिकटवा.

कोनमापक विकतचा नको, त्याच्यावर अर्धा अंश वाचता येत नाही. पूर्ण वर्तुळाचा, ९० मिमी त्रिज्येचा कोनमापक छापून फळीवर चिकटवा. या त्रिज्येला १ अंश म्हणजे सुमारे १.६ मिमी, त्यामुळे अर्धा अंश डोळ्याने सहज घेता येतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवायचा आणि कागद पट्टीने दोन्ही दिशांनी मोजून बघायचा. काही प्रिंटर उभी आणि आडवी मापं वेगळी ओढतात आणि वर्तुळाचं अंडं करतात.

वरून पाहताना डोळा अ‍ॅनालायझरपासून २५ सेमीवर असावा, म्हणजे सांध्याची रेघ स्पष्ट दिसते. त्यासाठी काळ्या कार्डबोर्डची २५ सेमी उंच नळकांडी काचेवर उभी करा. डोळा नेहमी तिच्या वरच्या भोकाला लागला की तिरपं पाहिलं जात नाही, आणि पडद्याचा बाजूचा उजेडही येत नाही. पडद्याचा बाकीचा भाग काळ्या कापडाने झाका.

रंग हिरवाच का

साखर वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळी वळवते. १०० मिलीत २६ ग्रॅम साखर असलेला द्रव २०० मिमी नळीत घेतला तर लाल ६३३ नॅनोमीटरला २९.७५ अंश, सोडियमच्या पिवळ्या ५८९ ला ३४.६ अंश आणि पाऱ्याच्या हिरव्या ५४६ ला ४०.८ अंश वळवणूक मिळते. साखर कारखान्यांत हाच २६ ग्रॅमचा द्रव १०० अंश साखर मानतात. पडद्यावर पांढरं लावलं तर कुठल्याच कोनात अंधार होत नाही. एक रंग विझला की दुसरा पेटतो, आणि अ‍ॅनालायझर फिरवताना निळा, जांभळा, तांबूस, पिवळा असे रंग एकामागून एक येत राहतात. मुलांना दाखवायला याच्याइतकं सुंदर काही नाही, मोजायला निरुपयोगी.

पुस्तकात ५८९ लिहिलंय म्हणून पडद्यावर पिवळं लावायचं, ही नेहमीची चूक. पडद्याचं पिवळं म्हणजे लाल आणि हिरवं एकत्र. त्यात ५८९ चा उजेड असला तरी तो एकटा नसतो, लाल-हिरव्याच्या मध्ये मिसळलेला असतो. लाल ०, हिरवा २५५, निळा ० असा पूर्ण पडदा लावा, ब्राइटनेस शंभर टक्के, स्क्रीनसेव्हर बंद.

शक्य असेल तर सीसीएफएल ट्यूबचा मॉनिटर निवडा, २०१० च्या आधीचे बहुतेक तसेच. त्यांच्या ट्यूबमधला हिरवा उजेड ५४५ नॅनोमीटरच्या आसपास अरुंद पट्ट्यात येतो. पांढऱ्या एलईडीच्या मॉनिटरचा हिरवा पट्टा रुंद असतो, त्यामुळे गोड द्रवात अंधार पूर्ण होत नाही, सांध्याच्या दोन्ही बाजूंना रंगांची छटा उरते. कोणता मॉनिटर कोणता हे जुन्या सीडीवर कळतं. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढरी रेघ लावून तिचं प्रतिबिंब सीडीत तिरपं पाहा. रंग तुटक-तुटक, वेगळ्या पट्ट्यांत दिसले तर सीसीएफएल, सलग इंद्रधनुष्य दिसलं तर एलईडी.

शून्य आणि प्रमाण द्रव

खोली अंधारी करा आणि डोळ्यांना पाच मिनिटं सरावू द्या. नळीत साधं गाळलेलं पाणी भरा. रिकाम्या नळीवर शून्य लावू नका, भरलेल्या नळीत उजेडाची वाट वेगळी असते. कपलर हळू फिरवताना एका बाजूचा अर्धा भाग गडद होतो, दुसरा थोडा उजळ राहतो. आणखी फिरवलं की अदलाबदल होते. या दोन्हींच्या मध्ये एक जागा अशी येते की दोन्ही भाग सारखे मळकट हिरवे होतात आणि सांध्याची रेघ जवळजवळ नाहीशी होते. तीच जागा. तिथून एक अंश इकडे-तिकडे झाला तरी रेघ पुन्हा उमटते. यापासून ९० अंशांवर दोन्ही भाग सारखेच, पण लख्ख उजळ दिसतात. तो सामना खोटा समजायचा, तिथे डोळ्याला काहीच फरक कळत नाही.

तीन वेळा डावीकडून, तीन वेळा उजवीकडून येऊन वाचनं घ्या आणि सरासरी काढा. डावी-उजवीत एक अंशापेक्षा जास्त फरक पडला तर कपलर हलतोय.

आता साखर. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतो. २६ ग्रॅमवर ती चार टक्क्यांची चूक. म्हणून २६० ग्रॅम साखर तोला आणि १ लिटर द्रव करा. इथे बहुतेकांचं एकदा तरी चुकतं: १ लिटर पाण्यात २६० ग्रॅम साखर घालायची नाही. साखरही जागा घेते, तसं केलं तर द्रव सुमारे १,१६० मिली होतो आणि ४०.८ च्या जागी ३५ अंश वाचन येतं. सहाशे-सातशे मिली पाण्यात साखर पूर्ण विरघळवा, थंड होऊ द्या आणि मग मापाच्या भांड्यात १ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी घाला. बुडबुडे बसले की गाळून नळीत भरा.

साखर उजेडाकडे पाहणाऱ्याच्या उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवते. शून्यापासून त्या दिशेने फिरवत जा. सीसीएफएलवर ४१ च्या आसपास, एलईडीवर एक-दोन अंश मागे-पुढे काही येईल ते तुमच्या यंत्राचं प्रमाण. ते लिहून नळीवर चिकटवा. यापुढे प्रत्येक वाचन त्याच्याशी ताडायचं. प्रमाण ४१.५ आलं आणि अनोळखी द्रव ३३.२ दाखवत असेल तर २६ गुणिले ३३.२ भागिले ४१.५, म्हणजे १०० मिलीत २०.८ ग्रॅम. अशाने उजेडाच्या तरंगलांबीची, नळीच्या लांबीची आणि छापील कोनमापकाची बरीच चूक आपोआप कटते.

हिवाळ्यात आणि एप्रिलमध्ये तापमानाने पडणारा फरक या यंत्राच्या चुकीपेक्षा लहान आहे, पण गरम द्रव भरू नका. तापमान नळीत सगळीकडे सारखं नसलं की उजेड वाकतो आणि सांध्याची रेघ थरथरते. काम झालं की नळी कोमट पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मुंग्या तुमच्याआधी हजर.

उसाचा रस आणि गूळ

कच्चा रस नळीत भरला तर काहीच दिसत नाही. तो गढूळ असतो, त्यातले कण उजेड विखुरतात आणि ध्रुवता घालवतात. लॅबमध्ये यासाठी शिशाचा क्षार वापरण्याची जुनी रीत आहे. ते विष आहे, घरी अजिबात नको. गुऱ्हाळाची रीत चांगली आहे. रस मोजून घ्या, चुन्याच्या निवळीचे थेंब घालत आंबटपणा घालवा, उकळी येईपर्यंत तापवा, मळी काढा, थंड करा. वाफेने गेलेलं पाणी परत घालून मूळ माप करा, मग फडक्यातून आणि नंतर गाळण कागदातून गाळा. भेंडीचा चिकट द्रव मळी छान ओढतो, पण मोजायच्या रसात घालू नका. तो स्वतःच शर्करेच्या साखळ्यांचा असतो. अजूनही गडद वाटला तर दुप्पट पाणी घालून, म्हणजे तिप्पट करून मोजा आणि उत्तराला तीनने गुणा.

पोल म्हणजे साखर, हे फक्त शुद्ध द्रवात खरं. ग्लुकोज उजवीकडे वळवतो, फ्रुक्टोज डावीकडे आणि त्याच्यापेक्षा जोरात. साखर फुटून या दोघांचं समान मिश्रण झालं की एकूण वळवणूक डावीकडे जाते. वरचाच २६ ग्रॅमचा द्रव पूर्ण फुटला तर +४०.८ वरून साधारण −१३ अंशांवर येतो. तोडून तीन दिवस पडलेल्या उसाचा पोल घसरतो तो यामुळे. गुळातही फुटलेली साखर असतेच, म्हणून गुळाचा पोल त्यातल्या खऱ्या साखरेपेक्षा कमी दिसतो. उलट, शिळ्या रसात जिवाणूंनी डेक्स्ट्रान तयार केलं तर ते साखरेच्या जवळजवळ तिप्पट जोराने उजवीकडे वळवतं आणि पोल खोटा वाढवतं. रसाला तार येत असेल तर वाचन सोडून द्या.

हातातला रिफ्रॅक्टोमीटर असेल तर त्यावर ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांचे टक्के, कळतात आणि त्यात साखर किती ही शुद्धताही काढता येते. समजा ब्रिक्स २० आणि १०० मिलीत १८ ग्रॅम. २० ब्रिक्सच्या रसाची घनता सुमारे १.०८, म्हणून १८ भागिले १.०८, पोल १६.७ टक्के. त्याला २० ने भागून शंभरने गुणलं की शुद्धता ८३. लागण आणि खोडवा, किंवा बारा महिन्यांचा आणि चौदा महिन्यांचा ऊस यांतला फरक या आकड्यात स्पष्ट दिसतो. हा आकडा घेऊन कारखान्याशी दराचं भांडण मात्र करता येणार नाही. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघालेल्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये होती, आणि तो उतारा कारखान्याने गाळलेल्या सगळ्या उसावर निघतो, तुमच्या एका फडावर नाही.

नळी काढून ठेवली की

याच मांडणीत नळीच्या जागी प्लास्टिकची पट्टी, सीडीचं कव्हर किंवा कंपासपेटीतला कोनमापक ठेवा आणि पडदा पांढरा करा. साच्यात प्लास्टिक जिथून शिरलं तिथे रंगीत पट्ट्यांची गर्दी दिसते, तीच ताण साठलेली जागा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना याचा खरा उपयोग आहे. पॉलीकार्बोनेटच्या पत्र्यातून हुक किंवा ब्रॅकेटचा आकार कापून त्यावर वजन टांगलं की कोपऱ्यात पट्ट्या दाटतात. कोपरा गोल केला की विरळ होतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये रंग फार फिके येतात, पॉलीकार्बोनेटच घ्या. कापताना कड तापली तर तो ताणही दिसत राहतो, म्हणून बारीक दात्याच्या करवतीने हाताने कापा.

फिल्मचा शत्रू म्हणजे पावसाळा. तिचा मधला थर आयोडीन मुरवलेल्या पीव्हीएचा, ओलं त्याला सोसत नाही. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलेली फिल्म कडेने तांबूस होते, बुडबुडे धरते आणि तिथला अंधार कच्चा पडतो. उरलेली फिल्म सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि बांधलेल्या अ‍ॅनालायझरच्या कडेला पारदर्शक नेलपॉलिश लावायचा विचार मनात आला तर आधीचा अ‍ॅसिटोनचा परिच्छेद आठवा. कडेला मेण लावा.